कांपाल ते मळा: पणजीतले तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

चतुर्थीची आरास उतरली की पणजीत बांबू, प्लाय आणि कमानींचे दिवस सुरू होतात. इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) २००४ साली गोव्यात आला तो इथलाच झाला. त्याच वर्षी जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात आयनॉक्स उभं राहिलं. जिथे आपल्या आईवडिलांनी केसपेपर काढले, तिथे आपण तिकिटं काढू लागलो. २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो आणि जुन्या सचिवालयापासून कांपालपर्यंत कुठे ना कुठे चित्रं, नाच, गाणं चालू असतं. कला अकादमी नूतनीकरणासाठी दोन वर्षांहून जास्त बंद राहिली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडली.

या पट्ट्यात जीव आला असं सगळेच म्हणतात. तो कुणासाठी आला, वर्षाच्या कुठल्या महिन्यांत असतो आणि बाकीच्या महिन्यांत जातो कुठे, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. नुसतं 'आमच्या वेळी बरं होतं' नको, नुसतं 'मस्त वायब' पण नको.
(धागाकर्ती)

पेडणेकर नट

आमचं मंडळ गावचं. कुणी मास्तर, कुणी वीज खात्यात, एकाचं किराणा दुकान. तालीम देवळाच्या मंडपात, रात्री जेवणं आटोपल्यावर. वर्षभराचं सगळं घोडं नाट्यस्पर्धेसाठी दामटायचं आणि एकाच प्रयोगात काय तो निकाल.

कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात पहिल्यांदा काम केलं ते विसरणं शक्य नाही. घंटेआधी पडद्याच्या फटीतून बघितलं. खुर्च्या निम्म्या रिकाम्या, पण दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मारियो मिरांडांची रंगवलेली माणसं सज्जांतून आमच्याकडे टक लावून बसलेली. आमचा दिग्दर्शक म्हणाला, "भियेवं नाका रे, हांगा भिंती हाऊसफुल्ल आसात."

अकादमी बंद होती तेव्हा आम्ही फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात गेलो, साखळीच्या रवींद्र भवनात गेलो. वाईट काहीच नाही, सभागृहं चांगली आहेत. पण पणजीचा प्रेक्षक म्हणजे कचेरी सुटली की चालत येणारा माणूस. तो काही नाटकासाठी बस धरून फोंड्याला येत नाही, आणि परतीची बस चुकली तर त्याची बायको आम्हाला शिव्या घालणार. नेपथ्याच्या टेम्पोचं भाडं वाढलं ते वेगळंच.

आता अकादमी उघडली म्हणून आनंद आहेच. तरी माझं दुखणं दुसरं आहे. प्रयोगाला जागा मिळते, तालमीला मिळत नाही. निम्मे कलाकार नोकरीसाठी पणजीत राहतात, त्यांना रोज पेडण्याला कसं बोलवायचं? चार महिने, आठवड्यातून तीन रात्री, पंखा आणि एक ट्यूबलाइट असलेली खोली हवी. एवढा मोठा कलेचा पट्टा, पण त्यात ती खोली नाही.

मळ्यातली सून

मी लग्न होऊन पणजीच्या मळा भागात आले तेव्हा शेजारच्या फोंतेन्हासच्या गल्ल्यांत संध्याकाळी पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा पों-पों सोडला तर आवाज नसायचा. आता सकाळी सातला प्री-वेडिंगवाले हजर. आमच्या बलकांवाच्या (ओसरीच्या) पायऱ्यांवर परवा एक नवरी लाल झगा पसरून बसली होती. सासूबाई सुकी सुंगटं (कोळंबी) उन्हात घालायला सूप घेऊन बाहेर आल्या, तर फोटोवाला म्हणतो, "आजी, जरा बाजूला." आजी कसल्या बाजूला होतात! सूप तिथेच ठेवलं, झग्याला लागून. पाच मिनिटांत पायऱ्या मोकळ्या.

शेजारीपाजारी 'फोटो काढू नका' अशा पाट्या लागल्यात. लोक आता त्या पाटीसकट फोटो काढतात.

पण दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर सासूबाई म्हणतील नुसती कुरकुर करते. ही पोर्तुगीज काळातली घरं सांभाळणं खायचं काम नाही. दर पावसानंतर रंग काढायचा, नळे फिरवायचे, वासा कुजला तर तसलं लाकूड आणि तसला सुतार दोन्ही शोधत बसायचं. वाटण्या झालेली, वारस परदेशात गेलेली घरं नुसती खचत होती. त्यातल्या काहींची पाहुण्यांची निवासं झाली, कुठे गॅलरी झाली, कुठे कॅफे. छप्पर तरी शाबूत राहिलं. पडलेल्या भिंतीपेक्षा चाललेली गॅलरी मला शंभर वेळा चालेल. फक्त भाडी अशी चढलीत की आमच्यासारख्या कुणाला इथे नव्याने बिऱ्हाड करता येणार नाही. मारुतीच्या जत्रेला जी जुनी तोंडं भेटतात, त्यातली बरीच आता पर्वरीहून, ताळगावहून येतात.

नेपथ्यवाला

मी सुतार. लिहिण्याची सवय नाही, चूकभूल माफ.

जुन्या इमारतीत प्रदर्शन लावताना पहिला नियम, भिंतीला खिळा मारायचा नाही. म्हणून आम्ही प्लायच्या सुट्या भिंती उभ्या करतो, मागून तिरकी टेकणं देतो, टेकणांच्या पायांवर वाळूच्या पिशव्या. जुनी फरशी समतल नसते, त्यामुळे प्रत्येक भिंतीखाली पाचर वेगळी. बघणाऱ्याला वाटतं भिंत होतीच. तसं वाटलं की आमचं काम झालं.

धागाकर्तीबाईंनी महिने विचारलेत. आमचं वर्ष असं: चतुर्थीला मखरं, दिवाळीला पोरांचे नरकासुराचे पुतळे, नोव्हेंबरात इफ्फी, डिसेंबरात सेरेंडिपिटी, मग कार्निव्हालचे फ्लोट, मग शिगम्याचे (होळीच्या सणाचे) चित्ररथ. प्रदर्शनाच्या भिंतीचा प्लाय शिगम्यापर्यंत पोचतो. गेल्या खेपेला जिच्यावर कुणाची तरी मोठी चित्रं टांगलेली ती फळी आमच्या वाड्याच्या रथात हनुमानाच्या पाठीमागचा डोंगर झाली. एप्रिलपासून चतुर्थीपर्यंत मात्र खिडक्या-दारं, किचन ट्रॉल्या. पोट त्याच्यावरच चालतं.

एका आयोजकाकडे अजून पैसे अडकलेत. नाव लिहीत नाही, पुढच्या वर्षी काम हवंय.

बेतीहून

एक राहिलंच. करमणुकीचा पट्टा म्हणताना मांडवीतल्या कॅसिनो बोटी कशा विसरलात? पाहुण्यांना विचारा, पणजीत रात्री काय आहे, तर बोटच दाखवतील. शनिवारी बांदोडकर मार्गावर गाड्या खोळंबतात त्या नाटकासाठी नव्हे. आमच्याकडून नदीपलीकडे बघितलं की नुसत्या निऑनच्या पाट्या. मला वैयक्तिक राग नाही, माझा भाचा तिथे नोकरीला आहे.

सवाष्णीचा षड्ज

मी गाणं ऐकणारी. अकादमीत केसरबाई केरकर समारोहाला जाणारी मंडळी इथे असतील. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ही वास्तू अशी बांधली की रस्त्यावरून चालत आत शिरावं आणि नदीकडे बाहेर पडावं, मध्ये दरवाजा म्हणून काही आडवा येत नाही. १९८३ पासून तिथे मैफल ऐकून लोक घरी जायचे नाहीत, पार नदीकाठापर्यंत वाद घालत जायचे. तानेवरून भांडणं मी तिथेच शिकले.

जुलै २०२३ मध्ये काम चालू असताना खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. रात्र होती, खाली कुणी नव्हतं. ती बातमी वाचून आमच्या गाण्याच्या बाई रडल्या होत्या. नवीन करणं आणि जुनं नीट राखणं ही दोन वेगळी कसबं आहेत, आणि दुसऱ्याला निविदेत कमी मार्क मिळतात असा माझा समज झालाय. कुणी वास्तुविशारद असेल तर खोडून काढा.

मास कॉमवाली

मी विद्यार्थी पास काढून इफ्फी बघते. सकाळी नऊला इराणी सिनेमा, मग रांगेत पॅटिस, मग पुन्हा रांग. पुण्याची, कोलकात्याची माणसं रांगेतच ओळखीची होतात. सम्राट-अशोक हे जुनं थिएटर नव्या रूपात उघडलं आणि इफ्फीचे खेळ तिथेही लागले तेव्हा बाबा हट्टाने माझ्यासोबत आले. त्यांनी कॉलेज बुडवून तिथेच अमिताभ बघितला होता. फिल्म कोरियन होती, बाबा मध्यंतराची वाट बघत बसले.

महोत्सव संपला की डिसेंबर ते ऑक्टोबर असं काही बघायचं तर मोबाइलवर. एखादा फिल्म क्लब दर आठवड्याला चालवणारं कुणी आहे का?

धागाकर्ती

@पेडणेकर नट, तुमच्या खोलीचं मी मनावर घेतलंय. @नेपथ्यवाला, तुमचं वर्षाचं गणित कुणा सांस्कृतिक धोरणवाल्याने वाचावं. अजून तियात्रवाल्यांपैकी, म्हणजे कोकणी नाटकवाल्यांपैकी, कुणीच लिहिलं नाही, त्यांचा तर महोत्सवावाचून बारा महिने खेळ चालतो. कसं जमवता, ते सांगा मरे.

सांतिनेजकर

पेडणेकर, आमच्या कॉम्प्लेक्सचा हॉल सोमवार ते गुरुवार संध्याकाळी रिकामा असतो. सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोललो, विजेचं बिल आणि झाडूवालीचे पैसे द्या, बाकी काही नको. नऊला बंद. ढोल-ताशाचा प्रवेश असेल तर तो तेवढा गावीच बसवा, पहिल्या मजल्यावर बाळंतीण आहे.

पेडणेकर नट

ढोल नाही. एक खून आहे, पण तो गळा दाबून. किंकाळी दिग्दर्शकाला सांगून काढतो. नंबर व्यनि करा.