लांब नाकाचा फ्रुंझिक कुणाला आठवतोय का?

चिमणी_अंगणातली: लेक आर्मेनियात येरेवानला एमबीबीएसला आहे, काल व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे घरमालकीण आजींच्या भिंतीवर एक फोटो दिसला, हे भलंमोठं नाक, रडवेले डोळे, म्हटलं अगं थांब, ह्याला मी पाहिलाय! १९८० चा धर्मेंद्र-हेमाचा अलिबाबा, रशियाबरोबर काढलेला, त्यात होता हा. फ्रुंझिक म्कर्तच्यान, आर्मेनियन नट. आजी म्हणे नाव काढलं की आधी हसतात मग डोळे पुसतात. तुम्हीपण लिहा ना आठवणी.

भटक्या७२: मिमिनो!! त्याचा पिक्चर, रशियनच्या क्लासला बाईंनी दाखवलेला. जॉर्जियन पायलट आणि हा आर्मेनियन ट्रक ड्रायव्हर, मॉस्कोत हॉटेलच्या एकाच खोलीत. ड्रायव्हर सांगतो काय, आमच्या गावाला, दिलिजानला, साधा नळ सोडला तरी जगातलं दोन नंबरचं पाणी. पायलट विचारतो एक नंबर येरेवान का, तर म्हणे नाही, सॅन फ्रान्सिस्को. बाई एकट्याच हसल्या, मला बसमध्ये कळलं 😂

काकू_डोंबिवली: आमच्याकडे एक दिवसाआड येतं, आमचा नंबर कितवा?

रिकामटेकडा: अलिबाबात झीनत पण होती. बाकी कोण होतं ते बघायला फुरसत कुणाला 🙈

अर्धा_डॉक्टर: मी सेकंड इयर, तिथेच. ग्युम्रीला त्याचं म्युझियम आहे, गाव तेच, तेव्हाचं लेनिनाकान. आईवडील तुर्कांनी केलेल्या आर्मेनियन नरसंहारात अनाथ झालेले, दोघं कापडगिरणीत कामाला.

काकू_डोंबिवली: म्हणजे गिरणगावचंच पोर की रे! सासरे माझे परळला साच्यावर होते, सगळ्यांच्या नकला करायचे, असो, कुकर झाला.

भटक्या७२: १९६७ च्या त्या नवरी पळवण्याच्या पिक्चरमध्ये त्याची खरी बायकोच बायको झालीये, दोनारा. पुढे तिला मानसिक आजार झाला, मग मुलालाही. आणि हा रोज नाटकात लोकांना हसवतोय. दारू वाढली ती त्यातच.

अर्धा_डॉक्टर: २९ डिसेंबर १९९३ ला गेला, ३१ ला अंत्ययात्रा. अझरबैजानशी युद्ध चालू, नाकेबंदी, लाइट नाही, कडाक्याची थंडी, तरी अख्खं येरेवान रस्त्यावर. आमचे टॅक्सीवाले काका तेव्हा शाळेत होते, बापाच्या खांद्यावरून पाहिलं म्हणतात. त्यांच्या डॅशबोर्डवर अजून फोटो आहे.

चिमणी_अंगणातली: आई गं. आजी का रडतात ते आत्ता कळलं. @अर्धा_डॉक्टर बाळा, तिथे कुरिअरने चकली पाठवली तर धड पोचते का रे?

अर्धा_डॉक्टर: पोचते काकू, चुरा होऊन. लाडू पाठवा. दोन डबे.