जपानशी गप्पा आणि जतची ओळख

धागाकर्ती (शिक्षिका, तासगाव):
गेल्या जूनपासून आमचा आठवीचा वर्ग महिन्यातून एकदा जपानमधील एका शाळेशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. तिथले घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असल्यामुळे आमच्याकडे दहा वाजतात तेव्हा तिकडे दीड वाजून गेलेला असतो आणि जेवण आटोपून मुले-मुली फडकी घेऊन वर्ग पुसत असतात. ते पाहून आमच्या एका मुलीने सरळ विचारले, "बाई, आपल्याकडे झाडू मुलींच्याच हातात का?" हा प्रश्न मी वीस वर्षांत कोणत्याही धड्यातून उभा करू शकले नव्हते. म्हणून अशा भेटींना वेळापत्रकात कायमची तासिका असावी, असे माझे मत आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा:
मी सहमत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. ती मुले एकमेकांना ओळखू लागली ती रोज एकत्र जेवल्यामुळे, राहिल्यामुळे आणि (हेही सांगितले पाहिजे) भांडल्यामुळे. कॉलच्या दिवशी मात्र मुले इस्त्रीचा गणवेश घालून पाठ केलेली वाक्ये म्हणतात. शिवाय तुमच्याच सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात कानडी माध्यमाच्या शाळा आहेत आणि तिकडचा कर्नाटकी बेंदूर (बैलांचा सण) ज्येष्ठातच होऊन जातो, हे तुमच्या किती मुलांना ठाऊक आहे? हंगामात बीडहून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुले तर शिवारातल्या कोपीतच (पाचटाच्या झोपडीतच) असतात. त्यांच्याशी बोलायला इंटरनेट लागत नाही.

गलाईवाला, मूळ गाव विट्याजवळ, सध्या तमिळनाडू:
गुरुजी, सहवासाने आपोआप ओळख होते, हे मला अनुभवाने पटत नाही. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी आमची माणसे देशभर पांगली. माझे वडील गल्ल्यावर बसूनच तमिळ शिकले. पण त्याच पेठेत तीस वर्षे काढून शेजारच्या घरात पोंगलला काय शिजते, हे माहीत नसलेली आमचीच मंडळी मी पाहिली आहेत. उलट गावी राहणारी माझी आई नातवंडांना व्हिडिओवर दारात कोलम काढताना पाहून, आपल्या रांगोळीत आणि त्यात फरक काय, हे खोदून खोदून विचारते. विचारण्याची हौस असेल, तर साधन कोणतेही चालते.

धागाकर्ती:
पाठ केलेल्या वाक्यांचा आक्षेप मान्य. पहिले दोन कॉल तसेच झाले. झाडूचा प्रश्न तिसऱ्या कॉलला, कोणी न शिकवता आला. जतचा मुद्दा मात्र मनाला लागला. पुढचा कॉल तिथल्या कानडी शाळेशी ठरवला आहे. दुभाषी कोण, असे वर्गात विचारले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरी कानडी बोलतात, हे तीन वर्षे तिला शिकवूनही मला माहीत नव्हते.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा:
उत्तम. फक्त एक सुचवतो: जतला एसटी जाते, म्हणून कॉल एकच करा आणि दुसऱ्या वेळी मुलांना डबे घेऊन तिकडे न्या.