भावाला बायपोलर आहे, सध्या बरा आहे, आत्ताच काय ठरवून ठेवावं? मदत हवी आहे

पंचगंगा_काठ

नमस्कार, इथली जुनी वाचक आहे, पण घरचा विषय म्हणून नवीन आयडी घेतलाय, समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरला आईअण्णांजवळ असतो, मी पुण्यात. गेल्या वर्षी त्याला बायपोलर टाइप वन निघालं, म्हणजे कधी खोल डिप्रेशन, कधी त्याच्या उलट उधाण. त्याच्या आधी कित्येक महिने नुसता पडून असायचा, अंघोळ नको, फोन नको, तेव्हा एका डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, याच्या उलटं कधी झालं होतं का वगैरे कुणी विचारलं नाही. मग काही आठवड्यांत उठला, कामाला लागला, आम्ही सगळे खूश. तीन-चार तासांची झोप पुरायची, पहाटे मावशीला फोन करून प्लॅन सांगायचा. कोल्हापुरी चपला परदेशात विकायच्या. कल्पना वेडगळ नव्हती हो, तिथंच तर घोळ झाला! कार्डं छापली, वेबसाइट घेतली, कारागिरांना ॲडव्हान्स दिले, त्यासाठी फोनवरच्या ॲपमधून लोन आणि वर क्रेडिट कार्ड. अण्णा गल्लीत सांगत होते पोरगं मार्गाला लागलं. नंतर कुणी अडवलं की अंगावर यायला लागला, शेवटी मंत्र्याचा फोन येणार आहे म्हणून रात्रभर दारात उभा, तेव्हा ॲडमिट करावं लागलं.

आता लिथियम चालू आहे, रात्री अजून एक गोळी. नोकरीवर रुजू झालाय. हप्ते अण्णांच्या पेन्शनमधून जातात, तो विषय निघाला की हा ताटावरून उठतो. आणि आता म्हणतो मी बरा आहे, गोळ्या कशाला.

तर प्रश्न असा की तो शांत आहे, ऐकून घेतोय तोवर बसून काय काय ठरवून घ्यावं? पैशाचं, डॉक्टरांचं? मागच्या वेळी काहीही बोललं की "तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही" हेच. शिवाय आई त्याला श्रावणी सोमवार कडक धरायला सांगतेय, लिथियमवर चालतं का? ज्यांच्या घरात आहे त्यांनी प्लीज लिहा.

गच्चीवरचा_चहा

ताई, मी तुमच्या भावाच्या जागेवरचा माणूस. बरीच वर्षं लिथियमवर आहे, नोकरी करतो, पोरगी शाळेत जाते. आधी त्याला गोळ्या का नको वाटतात ते काढून घ्या, "बरा आहे" हे सांगायचं कारण असतं. माझे हात थरथरायचे, बँकेत सही जुळायची नाही, सारखी तहान, पोट सुटलं. डॉक्टरांना सांगितल्यावर डोस बदलला. दुसरं कारण कुणी बोलत नाही, मॅनिया, म्हणजे ते उधाण, सुरुवातीला लई भारी वाटतो. तेव्हा होतो तेवढा हुशार मी परत कधी होणार नाही असं अजूनही वाटतं अधूनमधून. त्यावर घरच्यांनी लेक्चर दिलं की माणूस गोळी गुपचूप बेसिनमध्ये टाकतो.

आमच्याकडे एक कागद आहे, माझ्याच अक्षरातला. सलग दोन रात्री झोप कमी आणि तरी सकाळी थकवा नाही, बोलण्याला ब्रेक नाही, अचानक नवीन धंदा, यातलं काही दिसलं की बायको मला न विचारता डॉक्टरांना फोन करणार, मी ओरडलो तरी. कार्ड तिच्या ताब्यात. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही, खर्चापुरतं दुसरं खातं आहे त्याला जोडलंय. आणि माझी पण एक अट आहे त्यात, मी नुसता खूश असलो, मॅच जिंकल्यावर नाचलो, तर "गोळी घेतलीस का" विचारायचं नाही. ही अट नसेल तर कागदाला काही अर्थ नाही, घरात हसायची चोरी होते.

सह्याद्री_भटक्या

माझ्या ओळखीत एकाला शिरोधारा, अश्वगंधा आणि ध्यान यांनी पूर्ण फरक पडला. गोळ्या जन्मभर घेणं शरीराला बरं नाही, हळूहळू बंद करा.

औषधवाली

वरचा सल्ला प्लीज ऐकू नका. ध्यान करू दे खुशाल, पण लिथियम मनानं बंद करू नका, एकदम सोडलं तर मॅनिया उलटून येण्याची भीती जास्त. काढेचूर्ण काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

मी फार्मसिस्ट आहे म्हणून उपासाचं सांगते. लिथियम हे एक क्षारच, किडनी त्याला सोडियमसारखंच वागवते. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि सोबत लिथियमही, मग रक्तातली लेव्हल चढते. म्हणून निर्जळी नाहीच, अळणीही नको. पाणी पिऊन, नेहमीएवढं मीठ घालून साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर बहुतेकांना त्रास नसतो, तरी एकदा डॉक्टरांना विचाराच. जुलाब-उलट्या लागल्या, ताप आला, उन्हातान्हात घाम गाळला, तिथंही तोच धोका. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ देऊ नका, त्यानंही लेव्हल वाढते, आणि कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं हे लोकांना माहीतच नसतं. दुकानातून बीपीची गोळी घेतानासुद्धा लिथियम चालू आहे हे सांगायचं.

लेव्हल तपासायला रक्त द्यायचं ते शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर. लेव्हल साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवतात, किती ते डॉक्टर ठरवतील. सोबत थायरॉईडसाठी टीएसएच आणि किडनीसाठी क्रिएटिनिन अधूनमधून. हात जोरात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं, चालताना झोक जाणं असं काही दिसलं तर पुढचा डोस न देता थेट हॉस्पिटल, उद्यावर ढकलायचं नाही.

आणि तो पहिल्या गोळ्यांवर "उठला" म्हणालात ना, बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काहींना अशी मॅनियाकडे उडी बसते. आजार आधी डिप्रेशन म्हणूनच समोर येतो बऱ्याचदा. पुढे कुठल्याही नवीन डॉक्टरकडे गेलात तर ही हकीकत पहिली सांगा.

कोर्टाची_पायरी

पैशाचं थोडं. करार करताना माणूस भानावर नव्हता तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२ चा आधार घेता येतो, पण त्याच दिवशी तो भानावर नव्हता हे सिद्ध करणं जिकिरीचं, म्हणून ॲडमिशनचे, डिस्चार्जचे सगळे कागद तारखेनुसार लावून ठेवा. ॲपच्या कर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी कूलिंग ऑफचा काळ आहे, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत छोटी असते, तेव्हा पुढच्या वेळी कळलं की त्याच दिवशी हलायचं. क्रेडिट कार्डाची लिमिट त्यानं स्वतः आत्ताच कमी करून घेतलेली उत्तम.

चहावाल्यांचा कागद चांगलाच आहे, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात याला रीतसर जागा आहे. आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं आणि नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे तेव्हा उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूनं उभा राहणारा माणूस, नेमता येतो. तुम्हाला नेमायचं का आईला, हे त्यानं ठरवायचं, तुम्ही नाही. मेडिक्लेमचंही बघा, त्याच कायद्यानं शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारालाही विमा द्यायचा आहे.

पंचगंगा_काठ

सगळ्यांचे खूप आभार. मिठाचं आईला लगेच फोन करून सांगितलं, ती म्हणे मग फराळ करून उपास करू दे, देव काही रागवत नाही. कागदाचं मला पटलंय, पण हप्त्यांचा विषयच काढता येत नाही तर कार्डाचं बोलू कसं? कधीकधी म्हणतो मी नसतो तर अण्णांना हे भोगावं लागलं नसतं, तेव्हा पोटात गोळा येतो.

औषधवाली

हे वाक्य सोडून देऊ नका. त्याला सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं, फुकट आहे. नाही म्हणाला तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच. आणि गोळ्यांच्या पूर्ण महिन्याच्या स्ट्रिप्स त्याच्या खोलीत नकोत, आठवड्यापुरत्या द्या.

गच्चीवरचा_चहा

हप्ते सगळे अण्णांनी भरू नयेत असं माझं मत. माझं कर्ज सासऱ्यांनी एकरकमी फेडलं, मी दोन दिवाळ्या त्यांच्यासमोर गेलो नाही. त्याच्या पगारातून हजार-दोन हजार का होईना, त्याच्या हातानं जाऊ दे, आकडा त्यालाच ठरवू दे. तो हिशेब मांडायला बसला की कार्डाचं आपोआप निघेल, तेव्हा तुम्ही समोर असलात तर बरं, फोनवर नको. पुढच्या फॉलोअपला कोल्हापूरला जाऊन या, त्याला आधी सांगून, डॉक्टरांना परस्पर फोन नको. अण्णांनाही सोबत घ्या.