लोगो तोच, पण पैसे नक्की कोणाकडे? बाबांच्या ‘एफडी’बद्दल मदत हवी

ऐरोलीची लेक:
बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून मार्चमध्ये रिटायर झाले. पीएफचे पैसे एका मोठ्या बँकेच्या ठाण्यातल्या शाखेत जमा झाले (बँकेचं नाव लिहीत नाही). एफडी करायला गेले, तर काउंटरशेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, “काका, एफडीच आहे, फक्त परतावा जास्त.” दोन लाखांचा चेक. चेकवर नाव त्यानेच लिहिलं, बाबांनी सही केली.

रविवारी किसननगरला गेले तेव्हा बाबांनी कपाटातून जाड पाकीट काढलं. आत जीवनविम्याची पॉलिसी! पाच वर्षं दरवर्षी दोन लाख भरायचे. बाबांचं पेन्शन महिन्याला चार हजारही नाही. मी विचारलं तर लोगोवर बोट ठेवून म्हणाले, “अगं, बँकेचंच आहे ना हे.” मला रडू आलं. पाकीट कुरियरने येऊन अकरा दिवस झालेत.

दुसरा प्रश्न आईचा. तिने मुद्दाम दोन ठिकाणी पैसे ठेवले होते: चार लाख एचडीएफसी लिमिटेडमध्ये, तीन लाख एचडीएफसी बँकेत. आता दोन्ही एकच झालं म्हणतात. मग तिच्या ठेवींचं काय?

नौपाडाकर:
ताई, घाबरू नका. एवढी मोठी बँक आहे, तिचीच कंपनी आहे. पैसे कुठे जात नाहीत. पाच वर्षं भरून टाका.

निवृत्त बँकवाला, वाशी:
नौपाडाकर, राग मानू नका, पण हा सल्ला या मुलीने ऐकू नये. चार हजार पेन्शनवाला माणूस दरवर्षी दोन लाख आणणार कुठून?

मुली, आधी काम, मग बाकीचं. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. तुझे अकरा गेले, एकोणीस उरलेत. बाबांच्या सहीचं पत्र विमा कंपनीच्या नावाने लिही, पॉलिसी नंबर आणि ती मिळाल्याची तारीख टाक, रद्द करून पैसे परत द्या असं स्पष्ट लिही. पत्र कंपनीच्या शाखेत दे आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घे. मेलही कर. कुरियरचं पाकीट फेकू नकोस, त्यावरची तारीख हाच पुरावा. मुद्रांक शुल्क, मेडिकलचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे कापून बाकी रक्कम मिळते. “पुढच्या आठवड्यात या” असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, दिवस तुझे जातात.

आता लोगोचं. मी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होतो, बरीच वर्षं परभणीकडे. आमच्या पाटीवरही स्टेट बँकेचं निळं वर्तुळ होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, एकच की हो! पण आम्ही कायद्याने वेगळी बँक होतो. आमचा आयएफएससी ‘एसबीएचवाय’ने सुरू व्हायचा, त्यांचा ‘एसबीआयएन’ने. 1 एप्रिल 2017 ला आमच्यासह पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या, तेव्हा कुठे आम्ही खऱ्या अर्थाने एक झालो. नवीन चेकबुकं आली तेव्हा एका म्हाताऱ्या कापूसवाल्याने मला विचारलं होतं, “साहेब, मग इतके दिवस तुम्ही कोण होता?” त्या माणसाला सगळं कळलं होतं.

विमा कंपनी तर बँकही नसते. स्टेट बँक 1955 च्या स्वतःच्या कायद्याने उभी आहे, म्हणून तिच्या नावात ‘लिमिटेड’ नाही. एसबीआय लाइफ ही वेगळी लिमिटेड कंपनी, फ्रान्सच्या बीएनपी पारिबा कार्डिफबरोबर काढलेली. 2017 पासून तिचा शेअर बाजारात आहे, म्हणजे मालकांत बाहेरचे लोकही आले. बँकेवर रिझर्व्ह बँकेची नजर, विम्यावर आयआरडीएआयची, म्युच्युअल फंडावर सेबीची. विमा विकताना बँक फक्त ‘कॉर्पोरेट एजंट’ असते आणि त्याचं कमिशन घेते. खाजगी बँकांचंही असंच. बाबांच्या पॉलिसीचं पहिलं पान उघड. विमा कंपनीचं ‘लिमिटेड’ असलेलं जे नाव असेल, पैसे त्याच्याकडे आहेत. चेकवरही तेच नाव असणार.

आईचं सोपं आहे. एचडीएफसी लिमिटेड 1977 पासूनची गृहकर्जाची कंपनी, बँक 1994 ची. 1 जुलै 2023 ला कंपनी बँकेत विलीन झाली. कंपनीतल्या चार लाखांना आधी ठेव विमा (बँक बुडाली तर ठेवीचे पैसे मिळण्याची हमी) नव्हताच. आता ती बँकेतली ठेव आहे. हा विमा देणाऱ्या डीआयसीजीसी या संस्थेचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला, सगळ्या शाखा मिळून, व्याज धरून पाच लाख (4 फेब्रुवारी 2020 च्या आधी ते फक्त एक लाख होतं). म्हणजे सातातले पाच सुरक्षित. आधी फक्त बँकेतले तीनच होते. एक ठेव मुदत संपल्यावर दुसऱ्या बँकेत हलवलीत तर उरलेलंही संरक्षणात येईल. पण मोडू नका, व्याज कापतील.

कोपरखैरणेकर:
काका, पण उपकंपनी अडचणीत आली तर मोठी बँक हात देईलच ना? नाव त्यांचंच खराब होईल.

निवृत्त बँकवाला, वाशी:
देईलही. पण तशी सक्ती नाही. मालकाची जबाबदारी घातलेल्या भांडवलापुरती, ‘लिमिटेड’ शब्दाचा अर्थच तो. आणि ठेव विमा फक्त बँकेतल्या ठेवीला, पॉलिसीला नाही.

ऐरोलीची लेक:
काका, काल सुट्टी घेऊन बाबांना विमा कंपनीच्या शाखेत घेऊन गेले. तिथल्या बाईंनी आधी “पुढच्या वर्षी भरू नका, चालेल” असं सांगितलं. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे म्हटलं, “फ्री-लुकमध्ये रद्द करायचंय, पोच द्या.” मग फॉर्म दिला. विम्याचं नाव, बँकेचं नाव, दोन्ही बाबांनी मोठ्याने वाचली, मग सही केली. पोच मिळाली, शिक्का आणि तारीख आहे, तेराव्या दिवसाची. पैसे अजून यायचेत. आले की इथेच लिहिते.