जामा मशिदीखालचं तळं: आधी काय, पाणी की मशीद?

झवेरीबाजारवाला: शेख मेमन स्ट्रीटवर २० वर्षं गाळा आहे, पण मुंबईच्या ह्या जामा मशिदीच्या आत गेलो तो परवा. शेजारच्या शेटनी नेलं. दार ओलांडलं तर समोर हिरवंगार पाणी, त्यात मासे, पायरीवर कासव ऊन खात बसलेलं. पाण्यातूनच काळ्या दगडाच्या कमानी वर आल्यात आणि त्यांच्यावर मशीद! मला वाटलं, वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, तळं खोदलं असेल. शेट म्हणतात, तळं आधीचं. खरं काय? आणि असल्या इमारतीची डागडुजी करतात कशी?

दाभोळची: शेटचं बरोबर आहे. तिथे पूर्वी बागा होत्या. जमिनीचा मालक आमच्यातलाच, गोवा-कालिकतकडे व्यापार करणारा कोकणी मुसलमान. तळं बुजवायचं नाही, या अटीवर त्याने मशिदीला जागा दिली. काम रेंगाळत १८०२ साली पुरं झालं. वरचा मजला कोकणी व्यापारी मुहम्मद अली रोगे यांनी १८३७ मध्ये चढवला आणि तुम्ही पाहिलेल्या कमानी तर १८७४ च्या. तळाशी जिवंत झरे आहेत. माझे आजोबा खलाशी होते. बोटीवरून उतरले की आधी इथे वजू, नमाज, मग घरी तार.

चुनेवाला: ह्या मशिदीचं काम मी केलेलं नाही, पण जुन्या बांधकामात ३० वर्षं गेली. पाण्यातला काळा दगड दमदार असतो, मरतो तो दगडांच्या सांध्यांतला चुना. तिथे सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि वरच्या भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो. आमच्या गावच्या मशिदीत एका ठेकेदाराने चुन्यावर सिमेंटचा गिलावा मारला. दोन पावसाळ्यांनी पोपडे धरून ओढले तर मागचा चुना बेसनासारखा हातात आला. मग सगळं खरवडून चुना भिजत घातला, चुना दळायच्या घाण्यात सुरखीबरोबर, म्हणजे विटांच्या भुकटीबरोबर, मळला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. पोरं हसत होती, मिस्त्री भिंतीला काढा पाजतोय म्हणून. भिंत अजून कोरडी आहे.

झवेरीबाजारवाला: झकास! माझ्या गाळ्याच्या मागच्या भिंतीलाही ओल आहे. हिरडा चालेल?

चुनेवाला: भिंत कधीची?

झवेरीबाजारवाला: १९९० ची. आरसीसी.

चुनेवाला: मग वरच्या मजल्याचा नळ बघा. हिरडा पोटासाठी ठेवा.