मदत हवी आहे: बरबटी (चवळी) नुसती पाल्यावर गेली, शेंगा नाहीत

संत्रावाला_वरूड: बरबटीला पालाच पाला. फूल तुरळक, शेंगा नाहीच म्हणा. दुकानदार म्हणते टॉनिक मारा. मारू का? लवकर सांगा, संध्याकाळी गावात जातो.

कास्तकार_काटोल: पेरा कधीचा? वाण कोणता? खत काय दिलं? फोटो टाका.

संत्रावाला_वरूड: मृगातला पेरा. संत्र्याच्या ओळीत मधात. वाण माहीत नाही, पिशवी फेकली.

मोर्शीवाला: बाग मोठी असन तर सावलीनंच फूल कमी. दुसरं काही नाही.

संत्रावाला_वरूड: धुऱ्याकडच्या मोकळ्या तासातही तीच गत. टॉनिकचं सांगा ना.

कास्तकार_काटोल: मग सावली नाही. मोर्शीवाले भाऊ घाईच करते. खत विचारलं होतं.

संत्रावाला_वरूड: युरिया, दोनदा. सगळेच देतात.

कास्तकार_काटोल: कपाशीले देतात! बरबटी मुळावरच्या गाठीतून हवेतलं नत्र घेते, वरून युरिया दिला का पाला माजते. एक झाड हळूच उपटा, गाठ फोडून पाहा. आत लालसर असन तर काम सुरू हाय. टॉनिक नको.

देशीगाय: म्हणून जीवामृत! एकरी 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती.

कास्तकार_काटोल: पाला कमी करायचा हाय, तुम्ही अजून खाऊ घाला.

बियाणे_अकोला: बियाणं चाऱ्याचं तर नाही? 'श्वेता', 'ईसी 4216' हे चाऱ्याचे वाण, पालाच जास्त. भाजीच्या शेंगांच्या वाणातही हंगाम पाहावा लागतो: 'पुसा फाल्गुनी' उन्हाळी, 'पुसा बरसाती' पावसाळी.

संत्रावाला_वरूड: दुकानदार म्हणे खायलेही चालते, ढोरायलेही.

मोर्शीवाला: मग फुलावर आहे तोवर कापा अन् म्हशीले घाला. उपाशीपोटी नुसती हिरवी नका घालू, पोट फुगते. कडब्याची कुट्टी मिसळा.

संत्रावाला_वरूड: म्हैस मागच्या वर्षी विकली.

मोर्शीवाला: केवढ्यात गेली? कितवं वेत?

सुगरण_नागपूर: कोवळ्या शेंगा आलू घालून करा, तिखट जरा जास्त. दाण्याचे वडे तर विचारूच नका.

कास्तकार_काटोल: ताई, शेंगाच नाहीत.

तूरवाला_यवतमाळ: तुरीवर मर रोग येत असेल तर पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) चोळा.

संत्रावाला_वरूड: टॉनिक घेतलं. दुकान बंद होत होतं.

कास्तकार_काटोल: कोणतं? अन् गाठी पाहिल्या का?