विषय: बँडमध्ये गिटारचा मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) ऐकू येत नाही
व्हॉल्यूम पूर्ण वर नेऊनही ड्रम्ससमोर गिटार ऐकू येत नाही म्हणताय, तर आवाज कमी पडत नाहीये, तो झाकला जातोय. घरी एकट्याने वाजवताना भरदार वाटणारा टोन, बास (खालच्या फ्रिक्वेन्सी) वर आणि मिड (मधल्या) खाली, बँडमध्ये हमखास बुडतो. १०० हर्ट्झच्या खालचं लो-कटने (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या फिल्टरने) काढून टाका, तिथे बास गिटार आणि किक ड्रमचंच (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) राज्य असतं. ८०० हर्ट्झ ते २.५ किलोहर्ट्झ हा मधला पट्टा थोडा उचला. गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण) उतरवा, जास्त डिस्टॉर्शनमध्ये (आवाज फाटण्यात) पिकचा ठोका दबतो.

आणि मॉनिटर पायांकडे तोंड करून ठेवू नका! वरच्या फ्रिक्वेन्सी फारशा पसरत नाहीत, मॉनिटर तिरका करून थेट कानाकडे रोखा. हे सगळं पूर्ण बँड वाजत असतानाच ठरवा.